सांगायचं कुणाला

माझी बायको गेली ही बातमी माझ्या हाताखालच्या अकरा माणसांना माझ्याआधी चाळीस मिनिटं माहीत होती.

मी इस्पितळाच्या तळघरातल्या धुलाई विभागाचा प्रमुख आहे. वरच्या सगळ्या मजल्यांवरच्या चादरी, अभ्रे, ब्लँकेटं, ऑपरेशनचे हिरवे झगे आमच्याकडे मळून येतात आणि आमच्याकडून घडी होऊन जातात. रोज सकाळी आठला माझी फेरी सुरू व्हायची. कानावर पेन्सिल, हातात वही. ड्रमपासून सुरुवात, मग ड्रायर, मग इस्त्रीचा रोलर, मग घडीची टेबलं. फेरीत कुणी मधे बोललेलं मला खपत नसे. तशी पाटीच लावली होती, माझ्याच अक्षरात: ‘फेरी चालू असताना प्रमुखांशी बोलू नये.’ वर ‘कृपया’ लिहायला जागा होती, पण मी ती सोडून दिली होती.

त्या दिवशी आठ वाजून पाच मिनिटांनी ऑफिसातला फोन वाजला. तो मावशींनी उचलला. घडीच्या टेबलावरच्या बायकांत त्या सगळ्यांत जुन्या. फोन आमच्या शेजारणीचा होता आणि तो आमच्याच इस्पितळातून, दोन मजले वरून आला होता. माझी बायको स्वयंपाकघरात पडली होती. शेजारच्या नवरा-बायकोनं तिला गाडीत घालून आणलं होतं. डॉक्टरांनी तपासलं आणि संपलं म्हणून सांगितलं.

मावशींनी फोन ठेवला. मी तीन नंबरच्या ड्रमपाशी साबणाच्या मापावरून एकाची हजेरी घेत होतो. मावशींनी बॉयलरवाल्या काकांकडे पाहिलं, काकांनी पाटीकडे पाहिलं. मग माना खाली घालून सगळे कामाला लागले. हे मला नंतर कळलं. तेव्हा मला एवढंच जाणवलं, की आज कुजबुज नाही, हसणं नाही, कुणाचा हात थांबत नाही. मला बरं वाटलं. घडीच्या टेबलापाशी थांबून मी मोठ्यांदा म्हणालोसुद्धा, “आज शिस्त बरी आहे.”

एक बाई रडायला लागली. मला वाटलं, कौतुकानं.

पावणेनऊला मी वही मिटली तेव्हा मावशी पुढे आल्या. “साहेब, वर चला.”

“कशाला?”

“चला तुम्ही. वहिनींना आणलंय.”

वर तिच्यावर आमचीच चादर घातली होती. दुमड उलटी होती, शिवण वरच्या बाजूला. ते मला आधी दिसलं. सांगायला लाज वाटते, पण तिच्या चेहऱ्याच्या आधी मला शिवण दिसली. डॉक्टर म्हणाले, इथे पोचायच्या आधीच सगळं झालं होतं, तुम्ही लगेच आला असतात तरी काही फरक पडला नसता. त्यांनी ते धीर द्यायला सांगितलं. मला धीर आलाही. ती चाळीस मिनिटं मात्र कुठे ठेवायची, ते त्यांनी सांगितलं नाही.

पंधरा दिवसांनी मी कामावर गेलो. मुलगी तोवर माझ्यापाशी राहिली होती. मग तिलाही तिच्या गावी नोकरीवर परतावं लागलं. जाताना ती म्हणाली, “बाबा, मला तुमच्याशी थोडं बोलायचंय. पण आत्ता नको.” मी म्हणालो, “बोलायचंय तर स्पष्ट बोलावं, हे आत्ता नको, मग नको, कशाला?” ती बॅग उचलून गेली.

इथे माझ्या नाकाबद्दल सांगायला हवं. इस्पितळात माझं नाव होतं ते त्या नाकामुळे. यंत्र बिघडायच्या आधी मला त्याचा वास लागतो, असं सगळे म्हणत. मीही म्हणत असे. सकाळी उठून मी थेट तीन नंबरच्या ड्रमपाशी जायचो आणि सांगायचो, “पट्टा काढा.” पट्टा काढला की तो खरंच झिजलेला निघायचा. एकदा तर मी नुसता दारातून म्हणालो होतो, “मुलांच्या वॉर्डाच्या ब्लँकेटांनी खाज येते, एकदा जास्त पाण्यातून काढा.” लोक चाट पडले. मागून मला ‘नाक’ म्हणायचे. ते कानावर आलं तेव्हा मी घरी जाऊन बायकोला सांगितलं आणि तिनं हसू लपवायला पातेल्यावर झाकण ठेवलं.

दोन वर्षांपूर्वी मला उत्कृष्ट विभागप्रमुखाचं मानपत्र मिळालं. मी भाषण केलं. आठवलं की अजून कान गरम होतात. मी म्हणालो होतो, “चांगला प्रमुख तो, ज्याला सांगावं लागत नाही.” टाळ्या पडल्या. दुसऱ्या रांगेत बायको होती, शेजारी मावशी. दोघी एकमेकींकडे बघून टाळ्या वाजवत होत्या. मला वाटलं, काय अभिमान आहे दोघींना.

तर मी कामावर परतलो आणि पुढचे तीन आठवडे माझ्या नाकाला काहीच लागलं नाही. कसलाही बिघाड नाही, तक्रार नाही. मला वाटलं, दुःखात माणसं समजूतदार झाली आहेत, यंत्रंसुद्धा.

मग एका सकाळी दोन नंबरचा ड्रायर चालू असताना त्याचं दार धाडकन उघडलं आणि समोर उभ्या असलेल्या मुलीचा हात कोपरापर्यंत भाजला. सगळे तिला चिमणी म्हणतात, चणीनं बारीक म्हणून. तिला वर पाठवलं, पट्टी झाली. मी ड्रायर बघायला गेलो. दाराची कडी तुटलेली होती आणि ती जुन्या अभ्र्याच्या चिंधीनं बांधलेली होती. ती चिंधी मी रोज तीनदा बघत होतो. मला वाटायचं, पुसायचं फडकं वाळत घातलंय.

“हे कधीपासून?” मी विचारलं.

टेबलावरच्या चादरी भराभर घडी व्हायला लागल्या.

“मी विचारतोय, कधीपासून?”

“सतरा दिवस,” बॉयलरवाले काका म्हणाले.

“सतरा दिवस! आणि मला सांगायला काय झालं होतं?”

काका टोपी काढून हातात फिरवायला लागले. “सांगायचं कुणाला, साहेब? वहिनी गेल्या ना.”

मला आधी कळलंच नाही. मी म्हणालो, “तिचा इथे काय संबंध?” तेव्हा सगळी माणसं जमिनीकडे बघायला लागली.

मावशींनीच शेवटी सांगितलं. अकरा वर्षं. रोज दुपारी एक ते दीड जेवणाच्या सुट्टीत मावशी माझ्या घरी फोन लावायच्या. पट्टा झिजला, वाफ गळते, चिमणीला दिवस गेलेत पण ती साहेबांना सांगायला घाबरते, तिला रोलरवरून हलवा. बायको सगळं ऐकून घ्यायची. मी संध्याकाळी घरी गेलो की ताट वाढताना म्हणायची, “अहो, तुमच्या त्या तीन नंबरच्या ड्रमचा पट्टा कधी बदलला होता?”

“का?”

“सहज. आपला मिक्सर घरघरतोय ना, त्यावरून आठवलं.”

आणि मी सकाळी नाक घेऊन हजर.

माझ्या घरातला मिक्सर अकरा वर्षं घरघरत होता. बायको गेल्यावर मी तो वापरून पाहिला. काही घरघर नाही, उत्तम चालतो.

“मग मला सरळ का नाही सांगितलं?” मी मावशींना विचारलं. खरं तर ओरडलो. इतक्या जोरात, की बॉयलरवाले काका दोन पावलं मागे सरकले आणि चिमणीच्या जागी आलेल्या बाईच्या हातातलं टोपलं पडलं. मावशी शांत उभ्या होत्या. “हे बघा,” त्या म्हणाल्या, “म्हणून.”

त्यानंतर त्यांनी मला बॉयलरच्या मागची एक खोली दाखवली. मी बारा वर्षं त्या खात्याचा प्रमुख आहे आणि ती खोली मला माहीत नव्हती. दारासमोर नेहमी टोपल्या रचलेल्या असत. आत कपाटभर कपडे होते. जळलेले झगे, रोलरमध्ये अडकून फाटलेल्या चादरी, आणि एका कोपऱ्यात गुलाबी चादरींचा ढीग. मुलांच्या वॉर्डातला लाल पडदा चुकून पांढऱ्यांत गेला होता. चौऱ्याऐंशी चादरी. माझ्या रागाच्या भीतीनं माणसांनी चौऱ्याऐंशी चादरी लपवल्या, आणि बायकोनं वरच्या मेट्रनबाईंशी बोलून नव्या मागवायची सोय केली. मला त्या वेळी ती म्हणाली होती, “अहो, चादरी जुन्या झाल्यात असं नाही वाटत तुम्हाला?” मला लगेच वाटलं होतं.

त्या रात्री मी नीट झोपलो नाही असं लिहिलं तर खोटं होईल, मी आधीही झोपत नव्हतो. पण सकाळी उठून मी पाटी काढली. आता सुधारायचं, असं ठरवलं. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी सुधारायचं म्हणजे काय करायचं ते मला ठाऊक नव्हतं, म्हणून मी आधी एक पेटी लावली. ‘सूचना व तक्रारी.’ आठवड्यानं उघडली. आत एक कोरा कागद, झग्याचं एक बटण आणि एक चिठ्ठी होती: ‘पेटीला कुलूप का?’

मग मी सगळ्यांना जमवून सांगितलं, “यापुढे कुणीही मला काहीही सांगा. मी रागावणार नाही. आणि जो सांगणार नाही त्याच्याकडे मग मी बघतो.” बोलून झाल्यावर मला स्वतःलाच ऐकू आलं.

शेवटी मी मावशींकडे गेलो. विचारलं, “ती काय करायची?”

“कोण, वहिनी? काही नाही. ‘मग?’ म्हणायच्या.”

“एवढंच?”

“आम्ही म्हणायचो, वहिनी, चादरी गुलाबी झाल्या. त्या म्हणायच्या, मग?”

मी त्या दिवसापासून आरशासमोर ‘मग?’ म्हणायला लागलो. दाढी करताना, बूट घालताना. मग मावशींनी माझी परीक्षा घेतली.

“साहेब, रोलरचं कापड एका बाजूनं करपलंय.”

मी टेबलाची कड घट्ट धरली. “मग?”

“छे. हे पोलिसांचं झालं.”

“मग?”

“आता आजारी असल्यासारखं वाटतंय. आणि टेबल सोडा, तुमची बोटं पांढरी झालीत.”

बॉयलरवाले काका लांबून म्हणाले, “मावशी, सोडा हो त्यांना. माझ्या बायकोला तीस वर्षांत जमलं नाही.” सगळे हसले. मीही हसलो, जरा उशिरा.

जीभ कशी आवरायची ते मला माहीत नव्हतं, कारण ती कधी आवरलीच नव्हती. वाईट बातमी आली की माझ्या तोंडून एकच वाक्य निघायचं: “मी सांगितलं होतं.” गेल्या वर्षी बायकोचा पाय मुरगळला. मी आठ दिवस तिला त्या चपलांबद्दल ऐकवत होतो. पायाला मलम कुणी लावलं ते मला आठवत नाही. मी नाही, एवढं नक्की.

पण सवयीनं थोडं थोडं जमलं. कडी बसवली. करपलेलं कापड बदललं. गुलाबी चादरींबद्दल मी स्वतः वर जाऊन मेट्रनबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, “अहो, मला माहीत आहे. सगळ्या इस्पितळाला माहीत आहे.” लोक माझ्याशी बोलायला लागले, आणि एकदा लागले ते थांबेनात. परवा चहाच्या आधी अकरा तक्रारी आल्या. त्यातली एक अशी, की साहेबांनी शर्टाची बटणं एक घर चुकवून लावली आहेत. मी म्हणालो, “मग?” चिमणी म्हणाली, “मग लावा की नीट.”

मला वाटायला लागलं होतं, की आपण बदललो. नाक गेलं पण कान आले. असं मी मावशींना म्हणालोसुद्धा. त्यांनी पुढची चादर घडीला घेतली. तेवढ्यावरून मी ओळखायला हवं होतं.

मागच्या रविवारी मुलगी आली. दुपारी जेवणं झाल्यावर ती टेबलाशी बसून राहिली. तिला बोलायचंय हे मला या वेळी कळलं. मी गप्प बसलो. पाच-सहा मिनिटं गेली असतील.

“बाबा,” ती म्हणाली, “आईला तीन आठवडे जिना चढताना दम लागत होता.”

माझ्या तोंडाशी चार वाक्यं आली. चारही मी गिळली. म्हणालो, “मग?”

“मला फोनवर सांगितलं होतं तिनं. छातीतही दुखायचं मधेमधे. मी म्हटलं, तपासून घे. म्हणाली, सोमवारी जाते. सोमवारी विचारलं तर म्हणाली, पाहुणे आले, पुढच्या आठवड्यात जाते. आणि म्हणाली, बाबांना सांगू नकोस. ते उगाच... म्हणजे, तुम्ही ओरडाल म्हणून. मी नाही सांगितलं. तुम्ही रोज इस्पितळातच होता, बाबा. मी एक फोन केला असता तर...”

ती थांबली आणि माझ्याकडे बघत राहिली.

मी ओरडलो नाही. ‘मला का नाही सांगितलं’ असं विचारलं नाही, कारण त्याचं उत्तर मला आधीच मिळालेलं होतं, बॉयलरच्या शेजारी उभं राहून. मी टेबलाची कडसुद्धा धरली नाही. मी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. मान हलवली. मग उठून कप विसळले. खरं सांगायचं तर कप विसळताना मला आत कुठेतरी बरं वाटत होतं, की बघ, जमलं. इतकी मोठी बातमी, आणि मी आवाज चढवला नाही. बायकोला हे सांगावं असंही वाटून गेलं.

मुलगी अजून दोन दिवस राहणार होती. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनंच गेली. कामं आहेत म्हणाली. डोळे सुजलेले होते. मला वाटलं, आईची आठवण.

सोमवारी मी मावशींना सगळं सांगितलं, थोडं ऐटीतच. घडी घालता घालता त्या ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, “आणि तुम्ही काय म्हणालात?”

“काही नाही. ऐकून घेतलं.”

“म्हणजे काहीच नाही?”

“तुम्हीच म्हणाला होतात, ती ‘मग’ म्हणायची.”

मावशींनी चादर खाली ठेवली. इतक्या वर्षांत अर्धी घडी टाकून ठेवताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं. “साहेब, त्या ‘मग’ म्हणून थांबायच्या होय? चादरी गुलाबी झाल्या तेव्हा मी रडत होते फोनवर. पडदा मीच टाकला होता आत. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, असू दे, तुमचा काही दोष नाही, ढिगात पडदा आला कसा ते बघू आपण. तेवढ्यासाठी आम्ही फोन करायचो. पट्टे काय, पट्टे झिजतातच.”

“पडदा तुम्ही टाकला होता?”

“बघा, तुम्हाला तेवढंच ऐकू आलं.”

मी कानावरची पेन्सिल काढून वहीत ठेवली.

“आणि ती पोर घरी जाऊन काय समजली असेल?” मावशी म्हणाल्या. “बाप ओरडतो ते तिला लहानपणापासून माहीत आहे. ओरडला असतात तर निदान ओळखीचं वाटलं असतं. तुम्ही मान हलवलीत. म्हणजे तिला वाटणार, खरंच तिचीच चूक.”

हे बोलून त्यांनी चादर उचलली, घडी पूर्ण केली आणि माझ्या हातात दिली, बाजूच्या ढिगावर ठेवायला. मी ठेवली. खात्याचा प्रमुख असल्यापासून मी ढिगावर ठेवलेली ती पहिली चादर असावी.

तेव्हापासून मी मुलीला चारदा फोन केला. पहिल्यांदा नळाच्या गळतीबद्दल बोललो. दुसऱ्यांदा भातात पाणी किती घालायचं ते विचारलं, जे मला येतं. तिसऱ्यांदा ती कामात होती. चौथ्यांदा तिनंच विचारलं, “बाबा, काही म्हणायचंय का?” मी म्हणालो, “नाही, सहज.” तीही “बरं” म्हणाली. फोन चालू होता, तिच्या बाजूला गाड्यांचा आवाज येत होता. मग तिनं ठेवला.

अकरा माणसांची बोलणी मी आता रोज ऐकून घेतो. वरच्या ऑफिसातून निरोप आलाय, की नव्या विभागप्रमुखांसमोर मी पुन्हा बोलावं, चांगला प्रमुख कसा घडतो यावर. मी अजून कळवलेलं नाही. ते राहिलं तरी चालेल.

माझ्या मुलीला ‘तुझी चूक नव्हती, माझी होती’ असं मी अजून सांगितलेलं नाही.